जुन्या लॅपटॉपवर पोस्टग्रेस : माझ्या प्रकल्प नोंदी

१० फेब्रुवारी २०२४, शनिवार

आज मुहूर्त केला एकदाचा. सात-आठ वर्षं मी एका स्प्रेडशीटमध्ये जुने, वापरातून जात चाललेले मराठी शब्द टिपत आलेय, अर्थ, कुठे ऐकला, कधी नोंदवला असे कॉलम, आणि आता ४,२१८ ओळी झाल्यात. फाईलच्या तीन कॉप्या तीन ठिकाणी आणि तिन्ही वेगवेगळ्या. म्हणून ठरवलं की एका जागी नीट डेटाबेस करायचा आणि घरातल्या दोन्ही कॉम्प्युटरवरून तोच वापरायचा.

दादाचं म्हणणं, "अगं एवढ्यासाठी सर्व्हर कशाला, एसक्यूलाईटची एक फाईल पुरे की!" एका कॉम्प्युटरपुरतं बघितलं तर बरोबरच आहे त्याचं. पण दोघांनी एकाच वेळी दोन मशिनवरून लिहायचं म्हटलं की नेटवर्कवरच्या फोल्डरमधली एसक्यूलाईट फाईल हा प्रकार मला नको वाटतो, लॉकिंगची, म्हणजे एक जण लिहीत असताना दुसऱ्याला थांबवण्याची, खात्री नसते. मग उरले मारियाडीबी आणि पोस्टग्रेस, दोन्ही सर्व्हरवाले डेटाबेस. मारियाडीबी वाईट नाहीये, पण मला मराठी वर्णमालेप्रमाणे क्रम लावायचाय आणि पोस्टग्रेसमध्ये त्याची सोय आहे असं वाचलं होतं, म्हणून तेच. (नावाची गंमत: बर्कलीत आधी इंग्रेस नावाचा डेटाबेस होता, त्याच्यानंतरचा म्हणून १९८६ मध्ये पोस्ट-इंग्रेस, म्हणजे पोस्टग्रेस. एसक्यूएल, म्हणजे डेटाबेसशी बोलायची भाषा, त्यात नंतर आली आणि १९९६ मध्ये नाव लांबून पोस्टग्रेसक्यूएल झालं. बोलताना अजून सगळे पोस्टग्रेसच म्हणतात.)

मशीन म्हणजे जुना लॅपटॉप, ४ जीबी रॅम, बॅटरी मेलेली, चार्जर काढला की बंद. त्यावर डेबियन १२ (लिनक्सचाच एक प्रकार) नव्याने टाकलं. माझ्या रोजच्या कॉम्प्युटरवरून एसएसएचने (दुसऱ्या मशीनवर दुरून कमांड चालवायची सोय) आत शिरले तर प्रत्येक कमांडला पर्लमधल्या प्रोग्रॅमचे लोकॅलबद्दल, म्हणजे भाषा-लिपीच्या सेटिंगबद्दल, इशारे, "सेटिंग लोकॅल फेल्ड" वगैरे दहा-दहा ओळी. वैताग आला म्हणून सिस्टीमचा लोकॅलच "सी", म्हणजे कुठल्याच भाषेचा नसलेला साधा, करून टाकला. इशारे बंद. छान.

मग "आप्ट इन्स्टॉल पोस्टग्रेसक्यूएल". दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत. डेबियन १२ बरोबर आवृत्ती १५ येते. पोस्टग्रेस प्रकल्पाच्या स्वतःच्या रिपॉझिटरीतून (प्रोग्रॅमच्या साठ्यातून) १६ घेता आली असती, पण १५ ला नोव्हेंबर २०२७ पर्यंत दुरुस्त्या मिळणारेत, मला तेवढं बास.

सिस्टीमसीटीएलला (सर्व्हिस सांभाळणारी कमांड) स्टेटस विचारलं तर "ॲक्टिव्ह (एक्झिटेड)". चालू पण आहे आणि बाहेर पण पडलाय? पंधरा मिनिटं लॉग चाळत बसले. निघालं असं की "पोस्टग्रेसक्यूएल" ही सर्व्हिस डेबियनवर नुसती छत्री आहे, खरा सर्व्हर "पोस्टग्रेसक्यूएल@१५-मेन" या नावाने चालतो. "पीजी_एलएसक्लस्टर्स" ही कमांड सगळ्यात बरी, एका ओळीत आवृत्ती, पोर्ट ५४३२, ऑनलाईन आहे की नाही, डेटा कुठल्या डिरेक्टरीत, सगळं सांगते. आणि इथे क्लस्टर म्हणजे दहा मशिनचा ताफा नाही, एका सर्व्हरच्या हाताखालचा डेटाबेसांचा एक गठ्ठा एवढाच अर्थ.

११ फेब्रुवारी, रविवार

आत कसं शिरायचं यातच सकाळ गेली. "पीएसक्यूएल -यू पोस्टग्रेस" म्हटलं की (पीएसक्यूएल हा सर्व्हरशी बोलायचा प्रोग्रॅम, आणि पोस्टग्रेस हे इथे सुपरयुजरचं, म्हणजे सगळे हक्क असलेल्याचं नाव) "पीअर ऑथेंटिकेशन फेल्ड". पासवर्ड विचारतच नाही तर चुकेल कसा! मग डोक्यात शिरलं की पीअर म्हणजे सर्व्हर पासवर्ड बघतच नाही, तो लिनक्सला विचारतो की दारात कोण उभंय, आणि लिनक्समधलं नाव आणि डेटाबेसमधलं नाव एकच असेल तरच आत घेतो. मी दारात माझ्या नावाने उभी आणि सांगतेय की मी पोस्टग्रेस आहे. म्हणून "सुडो -यू पोस्टग्रेस पीएसक्यूएल", म्हणजे आधी लिनक्समध्ये पोस्टग्रेस व्हायचं आणि मग दार वाजवायचं. लगेच उघडलं. बऱ्याच ठिकाणी सल्ला दिसतो की पीअर काढून ट्रस्ट लिहा म्हणजे कटकट मिटेल. कटकट मिटते, खरंय, पण मग त्या मशीनवरचा कुणीही पासवर्डशिवाय सुपरयुजर बनून आत येतो. नको.

"शब्द" नावाचा डेटाबेस केला, "लेखक" नावाचा रोल (डेटाबेसमधला वापरकर्ता) केला, आणि जुन्या सवयीने डेटाबेसवरचे सगळे हक्क त्याला देऊन टाकले. लेखक म्हणून टेबल करायला गेले तर "परमिशन डिनाईड फॉर स्कीमा पब्लिक". सगळे हक्क दिलेत ना बाई मी! तर डेटाबेसवरचे हक्क वेगळे आणि त्याच्या आतल्या स्कीमावरचे (टेबलं ठेवायचा कप्पा) वेगळे. आधी पब्लिक स्कीमात कुणालाही टेबल करता यायचं म्हणून हा फरक कुणाला जाणवायचा नाही, आवृत्ती १५ पासून ते बंद केलंय. जुने लेख वाचून काम करणाऱ्यांची इथेच गोची होणार. मी डेटाबेसची मालकीच लेखकाकडे दिली, मालकाला पब्लिकमध्ये करता येतं.

दुपारी नेटवर्क. मूळ सेटिंगमध्ये सर्व्हर फक्त लोकलहोस्टवरच, म्हणजे त्याच मशीनवरून आलेलं, ऐकतो. पोस्टग्रेसक्यूएल.कॉन्फमध्ये लिसन_ॲड्रेसेसची ओळ शोधली, लोकलहोस्टच्या जागी तारा (म्हणजे सगळे पत्ते) लिहिला, रीलोड केलं. दुसऱ्या कॉम्प्युटरवरून "कनेक्शन रिफ्यूज्ड". पुन्हा रीलोड, पुन्हा तेच. मग कळलं की हे सेटिंग रीलोडने लागत नाही, रीस्टार्टच लागतो. रीस्टार्ट केला. तरी रिफ्यूज्ड. फायरवॉल बघितली, राऊटर बघितला, केबल काढून परत लावली. शेवटी फाईल पुन्हा उघडली तर ओळीच्या सुरुवातीचा हॅश तसाच, म्हणजे सर्व्हर ती ओळ वाचतच नव्हता. मी एक तासभर कॉमेंट एडिट करून सर्व्हर रीस्टार्ट करत होते.

हॅश काढल्यावर एरर बदलली, "नो पीजी_एचबीए.कॉन्फ एंट्री फॉर होस्ट". एरर बदलली की मला बरं वाटतं, काहीतरी हललंय. पीजी_एचबीए म्हणजे दारावरच्या वॉचमनची वही, कुठला रोल कुठल्या पत्त्यावरून कुठल्या डेटाबेसला येऊ शकतो आणि ओळख कशी पटवायची ते ओळीओळीने. वरून खाली वाचतो आणि जी पहिली ओळ जुळेल तीच धरतो, तिथे नापास झालात तर खालची ओळ बघत नाही. मी घरातल्या १९२.१६८.१.०/२४ एवढ्याच पत्त्यांना, एससीआरएएम पद्धतीच्या पासवर्डने, फक्त शब्द डेटाबेससाठी परवानगी दिली. या फाईलला रीलोड पुरतो. राऊटरवर बाहेरून काहीही उघडलेलं नाही आणि उघडणारही नाही.

जोडलं गेलं!

१३ फेब्रुवारी, मंगळवार

ऑफिसनंतर सहज गंमत म्हणून विचारलं, सिलेक्ट लेंग्थ, कंसात 'मराठी', म्हणजे या शब्दाची लांबी किती. उत्तर १५.

पंधरा? म, र, काना, ठ, दुसरी वेलांटी, युनिकोडच्या हिशोबाने पाच यायला हवेत. १५ म्हणजे पाच त्रिक पंधरा, यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं असतं. म्हणजे सर्व्हर अक्षरं मोजतच नाहीये, बाइट मोजतोय. लेफ्ट वापरून पहिली चार मागितली तर म आणि त्याच्यापुढे एक फुटका चौकोन.

डेटाबेसांची यादी काढली. एन्कोडिंगच्या कॉलममध्ये सगळीकडे "एसक्यूएल_आस्की".

आणि मग ट्यूब पेटली. शनिवारी इशारे गप्प करायला लोकॅल "सी" केला होता ना, त्यानंतर लगेच पोस्टग्रेस टाकलं, आणि इन्स्टॉल होताना पहिला क्लस्टर तयार होतो तो सिस्टीमचा लोकॅल बघूनच. "सी" दिसल्यावर त्याने एसक्यूएल_आस्की घेतलं. ह्या नावात आस्की असलं तरी तो मराठीला नाही म्हणत नाही, हीच खरी आफत, तो कशालाच नाही म्हणत नाही. जे बाइट द्याल ते निमूटपणे ठेवतो, तपासत नाही, रूपांतर करत नाही, आणि परत मागितले की तेच बाइट हातात देतो, त्यामुळे स्क्रीनवर सगळं ठीकच दिसतं. नशीब की ४,२१८ ओळी अजून आत टाकल्या नव्हत्या.

आज मूड नाही. झोपते.

१७ फेब्रुवारी, शनिवार

आधी मूळ दुखणं. माझा रोजचा कॉम्प्युटर एसएसएचबरोबर स्वतःचा मराठी लोकॅल पाठवत होता आणि लॅपटॉपवर तो तयारच केलेला नव्हता, म्हणून पर्ल ओरडत होतं. "डीपीकेजी-रीकॉन्फिगर लोकॅल्स" चालवून एमआर_आयएन यूटीएफ-८ वर खूण केली, सिस्टीमचा डीफॉल्ट सी.यूटीएफ-८ केला. एकही इशारा नाही. हे पाच मिनिटांचं काम मी पहिल्या दिवशी टाळलं होतं.

मग "पीजी_ड्रॉपक्लस्टर --स्टॉप १५ मेन". काही विचारत नाही हं ही कमांड, खात्री आहे का वगैरे भानगड नाही, एंटर मारला की गेलं. त्यात काही नव्हतंच म्हणून मी बिनधास्त, पण नवीन क्लस्टर करून, सुरू करून दुसऱ्या कॉम्प्युटरवरून जोडायला गेले तर पुन्हा रिफ्यूज्ड! डेबियन कॉन्फिगच्या फाईली ईटीसी फोल्डरमध्ये वेगळ्या ठेवतं म्हणून मला वाटलेलं त्या वाचतील, पण ड्रॉपक्लस्टर त्यासुद्धा उडवतं. रविवारची सगळी मेहनत, हॅशसकट. पुन्हा केलं, या वेळी दहा मिनिटं लागली. दोन्ही फाईलींची कॉपी बाजूला ठेवलीय.

क्लस्टर करताना एन्कोडिंग यूटीएफ-८ आणि लोकॅल सी.यूटीएफ-८ असं स्पष्ट सांगितलं. मराठीच लोकॅल का नाही घेतला तर त्याचं कारण असं की ऑपरेटिंग सिस्टीमच्या सी लायब्ररीतले क्रमाचे नियम अपग्रेडमध्ये बदलू शकतात, आणि इंडेक्स (शोधायची सूची) जुन्या क्रमाने रचलेला असतो, मग शब्द टेबलात असूनही शोधताना सापडत नाही. ग्लिबसी (लिनक्सची ती सी लायब्ररी) २.२८ च्या वेळी हे बऱ्याच जणांना भोवलं होतं. म्हणून सगळ्या क्लस्टरला साधा क्रम आणि जिथे मराठी क्रम हवा त्या कॉलमपुरता आयसीयू या वेगळ्या लायब्ररीचा "एमआर-एक्स-आयसीयू". आयसीयूचे नियमही बदलतात, पण पोस्टग्रेस त्याची आवृत्ती लिहून ठेवतो आणि फरक पडला की इशारा देतो.

लेंग्थ 'मराठी': ५. हुश्श.

१८ फेब्रुवारी, रविवार

आज आयात. आधी कॉपी कमांड वापरली तर म्हणे फाईल वाचायची परवानगी नाही. साधी कॉपी ही सर्व्हरच्या बाजूने फाईल उघडते, माझ्या होम डिरेक्टरीत सर्व्हरचं काय काम. उलट्या तिरक्या रेघेवाली कॉपी पीएसक्यूएलच्या बाजूने, म्हणजे माझ्या हक्काने वाचते. ती वापरली.

नवव्या ओळीला थांबली. "डेट/टाइम फील्ड व्हॅल्यू आउट ऑफ रेंज: १३/०५/२०१९". माझी तारीख १३ मे. सर्व्हरच्या समजुतीप्रमाणे आधी महिना मग दिवस, आणि तेरावा महिना नाही. अंगावर काटा आला तो पहिल्या आठ ओळींचा विचार करून, कारण त्यातली ०५/०६/२०१८ ही माझी पाच जून त्याने सहा मे म्हणून मुकाट्याने घेतली असती. कॉपी एक तर पूर्ण होते नाही तर अजिबात होत नाही, म्हणून एकही ओळ आत गेली नाही. पण समजा माझ्या यादीत सगळ्या तारखा बाराच्या आतल्याच असत्या तर? डेटस्टाईल "आयएसओ, डीएमवाय" केलं, पुन्हा चालवलं. कॉपी ४२१८.

आणि आता ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप ते. साध्या क्रमाने यादी मागितली: काळा आधी, कावळा नंतर. युनिकोडमध्ये ळ हा ल च्या शेजारी बसवलाय, व च्या आधी, म्हणून. आणि क्षमा गेलेली क च्या गर्दीत, ख च्या जरा अलीकडे, कारण मशीनच्या लेखी तो क, हलन्त आणि ष आहे. मग ऑर्डर बायच्या पुढे कोलेट एमआर-एक्स-आयसीयू जोडलं (नावात आडव्या रेघा असल्यामुळे दुहेरी अवतरणात लिहावं लागतं, नाही तर वजाबाकी समजतो). कावळा, मग काळा. क्षमा सगळ्यात खाली, ह आणि ळ च्या पलीकडे, आपण शाळेत घोकलं तस्सं. दादाला हाक मारून दाखवलं. "हं," म्हणाला, आणि मग स्वतःच स्क्रोल करत पाऊण तास बसला, तेव्हा मला काय ते कळलं.

२१ फेब्रुवारी, बुधवार

शब्दाच्या कॉलमला युनिक (तोच शब्द दोनदा येऊ न देणारी अट) लावायचं होतं. त्याआधी डुप्लिकेट काढले, २९ निघाले, ते साफ केले, युनिक लागलं. मग यादी बघताना "ऱ्हास" दोनदा. डोळ्यांना अगदी सारखे. युनिकने सोडले कसे?

लेंग्थ विचारली. एक ५, दुसरा ६.

एकात ऱ हे वेगळं अक्षर आहे, खाली नुक्ता असलेलं, त्याला हलन्त. दुसऱ्यात साधा र, हलन्त, आणि मध्ये न दिसणारा झिरो विड्थ जॉइनर. फॉन्ट दोघांचा एकच आकार काढतो. जुन्या कॉम्प्युटरचा कीबोर्ड एक लिहायचा, नवीन दुसरं, आणि मी सात-आठ वर्षं दोन्ही वापरलेत. रिप्लेस लावून सगळीकडे ऱ केला तर युनिक ओरडला, म्हणजे अजून जोड्या होत्या, ८ निघाल्या. दोन्हीकडचे अर्थ वाचून एकत्र केले, हे हातानेच करावं लागलं. आता ४,१८१ शब्द, आणि जॉइनर असलेला शब्द आतच येऊ नये म्हणून एक चेक लावलाय. तेवढ्यासाठी सर्व्हर चालवायला माझी हरकत नाही, स्प्रेडशीटने हे मला कधी सांगितलं नसतं.

२४ फेब्रुवारी, शनिवार

झाकण बंद केलं की लॅपटॉप झोपतो आणि डेटाबेस गायब, हे अख्खा आठवडा सहन केलं. लॉगइनडी.कॉन्फमध्ये हँडललिडस्विच इग्नोर. झालं.

दादासाठी "वाचक" रोल केला, फक्त सिलेक्ट, म्हणजे नुसता वाचायचा हक्क. "सगळ्या टेबलांवर" असे हक्क दिले तरी ते आज असलेल्या टेबलांवरच लागतात, संध्याकाळी मी म्हणींचं नवीन टेबल केलं तर त्याला दिसेना आणि त्याला वाटलं मी मुद्दाम लपवलंय. पुढच्या टेबलांसाठी डीफॉल्ट प्रिव्हिलेजेस वेगळे द्यावे लागतात, आणि ते जो रोल टेबलं करणार त्याच्या नावाने.

ट्यूनिंगची खाज आलीच. शेअर्ड_बफर्स (सर्व्हर स्वतःसाठी राखून ठेवतो ती रॅम) १२८ एमबी असतं, रॅमच्या पाव हिस्सा ठेवा म्हणतात म्हणून १ जीबी केलं. मग टेबलाचा आकार बघितला. एक एमबीसुद्धा नाही. परत १२८.

२ मार्च, शनिवार

टेबल सरकवताना चार्जरची पिन निघाली. मेलेली बॅटरी, लॅपटॉप टपकन बंद, आणि मी त्याच क्षणी दुसऱ्या मशिनवरून एक मोठा अपडेट अर्धवट सोडून उठले होते, कमिट (पक्का) केलेला नव्हता. पोटात गोळा. चालू केल्यावर लॉगमध्ये ओळी: "डेटाबेस सिस्टीम वॉज नॉट प्रॉपर्ली शट डाउन, ऑटोमॅटिक रिकव्हरी इन प्रोग्रेस", मग "रीडू स्टार्ट्स", आणि मग "रेडी टू ॲक्सेप्ट कनेक्शन्स". दोन सेकंदसुद्धा नाही. त्याच्या आधी कमिट केलेलं सगळं जागेवर, अर्धवट अपडेट जणू झालाच नव्हता. बदल आधी वॉलमध्ये, म्हणजे रोजकीर्दीत लिहायचा आणि खतावणीत नंतर चढवायचा, ही जुनी हिशेबी पद्धत. वेग वाढवायला एफसिंक (डिस्कवर खरंच लिहिलं जाईपर्यंत थांबणं) बंद करा असं कुणी सांगितलं तर त्याला ही पिन दाखवावी.

पण यामुळे बॅकअप आठवला. क्रॉन (ठरल्या वेळी आपोआप कमांड चालवणारा) तर २५ तारखेपासून लावलाय, रोज रात्री पीजी_डंप (डेटाबेसची प्रत काढणारी कमांड), फाईलच्या नावात तारीख. फोल्डर उघडला.

रिकामा. सहा रात्री.

हाताने चालवली तर कमांड उत्तम चालते. क्रॉनटॅबमध्ये मात्र टक्क्याचं चिन्ह म्हणजे नवी ओळ, आणि माझ्या तारखेच्या फॉरमॅटमध्ये टक्का आहे, त्यामुळे कमांड तिथेच तुटत होती. एरर मेलने येते म्हणे, पण या मशीनवर मेलच नाही. टक्क्यापुढे उलटी तिरकी रेघ दिली. पासवर्ड .पीजीपास फाईलमध्ये आहे, तिची परवानगी ०६०० पेक्षा (फक्त मालकाला वाचता-लिहिता येईल यापेक्षा) सैल असेल तर ती वाचलीच जात नाही, ते तेवढं आधीच केलं होतं.

३ मार्च, रविवार

पहाटेची फाईल आली. नुसती फाईल बघून माझा विश्वास बसेना म्हणून रोजच्या कॉम्प्युटरवर पोस्टग्रेस १५ टाकलं (लोकॅल आधी तपासून) आणि पीजी_रिस्टोर चालवलं. "रोल लेखक डझ नॉट एक्झिस्ट", ओळीमागून ओळ. पीजी_डंप एका डेटाबेसचा डेटा नेतो, रोल आणि पासवर्ड क्लस्टरचे, ते त्यात नसतात. त्यासाठी पीजी_डंपऑल, फक्त ग्लोबल्स. तोही क्रॉनमध्ये टाकला, आज हाताने काढून इकडे चढवला, मधला अर्धवट डेटाबेस उडवला, पुन्हा रिस्टोर.

काउंट इकडे ४,१९३, लॅपटॉपवरही ४,१९३. दहा-अकरा दिवसांत बारा शब्द वाढलेत. त्यातले चार दादाने सांगितलेले, आणि आता विचारतोय की त्याला सिलेक्टबरोबर इन्सर्टही (नवे शब्द घालायचा हक्क) मिळेल का.

दिला. डिलीट नाही.